सावलीच्या पट्ट्याबाहेर

मी मुळात भित्री. वर्गात मुलांना विजेचं शास्त्र शिकवते आणि घरी आल्यावर ढग गडगडले की आरशावर चादर टाकते. महाडात आमचं घर नदीपासून फार लांब नाही. ज्या पावसाळ्यात सावित्रीचं पाणी आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांना लागलं, त्या पावसाळ्यापासून माझी झोप गेली. वरच्या गच्चीतली टाकी भरून वाहायला लागली तरी मी अंथरुणात उठून बसायची आणि नवऱ्याला हलवून विचारायची, "पाणी आलं का रे?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नवऱ्याने दुर्बीण आणली. तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्याला यंत्रांची आवड आहे. "झोप येत नाही ना, मग गच्चीवर बसू," एवढंच म्हणाला. आम्ही बसायला लागलो. वर बघत असताना खालचा आवाज ऐकू येत नाही हे मला लवकरच कळलं, आणि मी त्या दुर्बिणीला चिकटले ती चिकटलेच.

पुढे आम्ही हौशी निरीक्षकांच्या एका गटात शिरलो, आणखी एक दुर्बीणही घेतली. हा गट लघुग्रहांच्या मागे असतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या जागेत लाखो खडक सूर्याभोवती फिरत असतात. आमच्या दुर्बिणीतून ते दिसलेच तर ठिपक्यासारखे दिसतात, कधी दिसतही नाहीत. पण असा एखादा खडक एखाद्या ताऱ्याच्या समोरून गेला, तर तो तारा काही क्षण विझतो. याला पिधान म्हणतात. त्या वेळी खडकाची सावली पृथ्वीवरून एका पट्ट्यात धावत जाते. पट्ट्यात ठिकठिकाणी माणसं बसवली आणि प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात तारा किती वेळ विझला ते नोंदलं, की खडकाचा आकार काढता येतो. आणि फार क्वचित असं होतं, की मुख्य विझण्याच्या थोडं आधी किंवा नंतर तारा आणखी एकदा, अगदी निमिषभर विझतो. म्हणजे त्या खडकाभोवती आणखी एक छोटा खडक फिरतोय. त्याचा चंद्र. लघुग्रहालाही चंद्र असतो हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

त्या हिवाळ्यात असा एक पट्टा आमच्याच तालुक्यावरून जाणार होता. गटाचं काम बघणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, निवृत्त प्राध्यापक. त्यांचा फोन आला. सावली तुडील गावाच्या बाजूने जाईल, तिथे एक जण हवा. आणि एक जण पट्ट्याच्या बाहेर, दक्षिणेला हवा.

"बाहेरच्याला काय दिसणार सर?" मी विचारलं.

"काहीच नाही. काही दिसलं नाही हीसुद्धा नोंदच असते. आणि एखादा छोटा सोबती असलाच, तर तो बाहेरच्यालाच सापडायची शक्यता."

नवऱ्याने तुडीलला जायचं ठरलं. तिथे नदीकाठावरून पश्चिमेचं आकाश मोकळं दिसतं, आणि तारा मावळतीकडे बराच खाली असणार होता. मी पट्ट्याच्या दक्षिणेला, घाटातल्या कुडपणला जाणार होते. माझ्या शाळेतल्या एका बाईंचं माहेर कुडपणचं, त्यांचं पठारावर एक पडीक शेत आहे. त्या माझ्यासोबत येणार होत्या. आदल्या दिवशी त्या तापाने पडल्या. जागा कशी ओळखायची ते त्यांनी मला फोनवर सांगितलं: रस्ता संपतो तिथून पुढे, शेवटचा बांध, पश्चिमेकडे तोंड.

"तू जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "तुला काही दिसणार नाहीच आहे. सरांना सांग, जमलं नाही."

हे तो काळजीने बोलला. पण मला ते झोंबलं. माझ्या भीतीचा घरात इतका बोभाटा झालेला होता, की मी गेले नाही तर कुणालाच नवल वाटणार नव्हतं. मी म्हटलं, मी जाणार.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गाडी काढली. पोलादपूर ओलांडून आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागले तेव्हा ऊन कलत होतं. त्या रस्त्याने गेलेल्यांना ठाऊक असेल, डोंगराच्या अंगावर दरडी उतरलेल्या जागा अजून तांबड्या दिसतात, गवतही धड धरलेलं नाही. काही वळणांवर नवी भिंत बांधलीय, काही वळणांवर नुसते रंगवलेले दगड ठेवलेत. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या गाड्यांच्या शिव्या खात वर गेले. फाट्यावरून कुडपणकडे वळल्यावर गाड्याही संपल्या. शिव्या देणारं कुणी नाही याचंच जास्त दडपण आलं.

वाडीत पोहोचले तेव्हा बहुतेक घरांना कुलपं होती. माणसं मुंबईला. एका घरापुढे कोंबड्या फिरत होत्या, पण माणूस दिसलं नाही. मी तशीच पुढे गेले. रस्ता संपला तिथून चाकोरीने गाडी घातली आणि शेवटच्या बांधाच्या अलीकडे उभी केली. बांधावर काटेरी फांद्यांचा कुड घातलेला होता आणि त्याला कमरेएवढं वाळलेलं गवत लागलेलं होतं. पलीकडे आणखी एखादं भाताचं खाचर असेल असं मी धरून चालले. वारा जोराचा होता. अंधार पडायच्या आत तिकाटणं रोवलं, दुर्बीण बसवली, कॅमेरा लॅपटॉपला जोडला. मोबाइलला रेंज नव्हती.

तारा सापडला. बांधाच्या थोडाच वर होता, तांबूस आणि थरथरणारा. मी चित्रण सुरू केलं. आमच्या पद्धतीत चित्राबरोबर आवाजही मुद्रित होतो, वेळेची खूण त्यात पडावी म्हणून. आता मला फक्त थांबायचं होतं.

तेव्हा मागे गवतात पाऊल वाजलं.

वाऱ्याने गवत वाजतं ते वेगळं. हे थांबून थांबून वाजत होतं. मी मान वळवली की आवाज थांबे. वाडीतलं एक कुत्रं मघापासून भुंकत होतं, ते अचानक गप्प झालं. मी म्हटलं, "कोण आहे?" उत्तर आलं नाही. गाडीच्या मागच्या अंगाला करवंदीची मोठी जाळी होती, तिच्यापाशी काहीतरी आहे असं मला वाटलं. दिसलं काहीच नाही. माझ्या हातात लाल कागद लावलेली बॅटरी होती, तिचा उजेड माझ्या चपलांपर्यंतही नीट पोहोचत नव्हता.

मी जाळीकडे न बघता गाडीपर्यंत गेले, आत बसले आणि दार ओढून घेतलं. चारही दारांची कुलपं लावली. दहा पावलांवर लॅपटॉपचा पडदा मंद उजळलेला होता. ज्या ताऱ्यासाठी आले होते त्याच्याकडे बघायचीही मला हिंमत झाली नाही. मी किल्ली मुठीत घट्ट धरून बसले होते आणि एकच विचार करत होते, की गाडी सुरू केली तर दिवे लागतील, दिवे लागले तर चित्रण वाया जाईल, आणि नाही केली तर काय होईल. पिधानाची वेळ आली आणि गेली. मध्येच केव्हातरी गाडीच्या मागून काहीतरी गेल्यासारखं वाटलं. आवाज असा नव्हताच. पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

बऱ्याच वेळाने कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं. त्या भुंकण्याचा मला आधार वाटला. मी दिवे लावले, धावत बाहेर आले, लॅपटॉप काखोटीला मारला, तिकाटणं न मिटताच दुर्बिणीसकट उचललं आणि मागच्या सीटवर आडवं टाकलं. गाडी वळवताना मागचं चाक दगडावर चढून सरकलं, तेव्हा मी मोठ्याने काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

फाट्यावर आल्यावर रेंज आली. नवऱ्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग मला दुसरंच आठवलं. तुडीलला तो काठावर, पाण्याजवळ बसणार होता. सावित्रीत मगरी आहेत हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पाणी ओसरलं की दगडावर पहुडलेल्या मगरी बघायला लोक पुलावर गर्दी करतात. मी स्वतः मुलांना त्या दाखवल्यात. आणि अंधारात नवऱ्याला एकट्याला काठावर जायला मीच होकार दिला होता, कारण त्या दिवसांत मला फक्त माझी काळजी होती.

घाट मी कसा उतरले ते मला सांगता येणार नाही. चढताना ज्या वळणांनी माझा जीव काढला होता ती वळणं मला दिसलीच नाहीत. पोलादपूर गेलं, महाड गेलं. तुडीलच्या रस्त्याला लागेपर्यंत मी फोन लावतच होते.

गावात एका घराच्या ओट्यावर उजेड होता आणि पाचसहा माणसं बसलेली होती. त्यांच्यात तो होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात चहाचा पेला. मला बघून उठला.

"अगं, तू इकडे कशी?"

मी त्याचे दोन्ही हात चाचपून बघितले.

"काय नाय झालं, ताई," ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला. "सायब पार पान्याच्या कडंला जाऊन बसलेले. तिथं मगर येतेय रोज. आम्ही हाका मारल्या, तर म्हणतात, थांबा, तारा बघायचाय. मग पोरांनी जाऊन धरून आणला."

हाका ऐकून नवरा उठला, त्याचा पाय घसरला, त्याला वर ओढताना दुर्बीण चिखलात आडवी झाली आणि पिशवी तिथेच राहिली. फोन पिशवीत होता. त्याच्याकडे तारा विझल्याची नोंद नव्हती, काहीच नव्हतं. तो हसत हसत सांगत होता. मला हसू येईना. मी गाडीत जाऊन बसले आणि मग रडू आलं, ते घरी पोहोचेपर्यंत थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी चित्रण बघायला बसले. काही दिसणार नव्हतंच, पण नोंद पाठवायची होती. पडद्यावर तारा थरथरत होता. आवाजात वारा, मग माझाच बारीक आवाज, "कोण आहे?" मग पावलं, गाडीचं दार. त्यानंतर नुसता वारा. पिधानाची वेळ आली, तारा तसाच होता. तसाच असायला हवा होता. मी पट्ट्याबाहेर होते.

आणि थोड्या वेळाने तो विझला.

डोळ्याचं पातं लवावं एवढाच वेळ. मी चित्रण मागे घेऊन एकेक चौकट पुढे सरकवली. तारा होता, नव्हता, नव्हता, पुन्हा होता. मी नवऱ्याला हाक मारली. त्याने तीनदा बघितलं आणि मग माझ्या मनात होतं तेच बोलला, "आवाज ऐक."

ज्या क्षणी तारा विझला त्याच्या जरा आधी गवतात सरसर झाली होती. स्पष्ट ऐकू येत होती.

मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "शेजारचा तारा काय करतोय?" त्यांनी विचारलं. दुर्बिणीसमोरून माणूस गेला, पाखरू गेलं, तर चौकटीतले सगळेच तारे विझतात. लघुग्रह किंवा त्याचा चंद्र एकट्याच ताऱ्याला झाकतो.

"शेजारचा तारा चौकटीबाहेर गेलाय सर. वाऱ्याने दुर्बीण सरकत होती."

"मग समोरून कुणी गेलं नाही, असं तुम्ही ठामपणे म्हणाल?"

"नाही. मी गाडीत होते. मी बघत नव्हते."

"का?"

"घाबरले होते."

"ठीक आहे. तसंच लिहा. पण शक्य असेल तर एकदा दिवसाउजेडी जाऊन ती जागा बघून या."

रविवारी आम्ही दोघं गेलो. नवऱ्याने गाडी चालवली. कोंबड्या होत्या त्या घरापुढे या वेळी एक बाई उभी होती. साठीची असेल, काटक, कासोटा घातलेलं लुगडं. तिने गाडीकडे बघितलं आणि मला बघताच म्हणाली, "तुमीच त्या दिवशी आलतात ना?"

"हो मावशी. तुम्हाला कसं कळलं?"

"मी बघितला ना. करवंदीच्या मागं बसलेले."

"तुम्ही होतात? मी हाक मारली होती. ओ का नाही दिलीत?"

"कशी देनार गो बाय? माझ्या हातात कोयता व्हता." ती हसली नाही. "मला वाटला, डोंगर मापायला आलात."

मग तिने सांगितलं. मागच्या पावसात वाडीच्या वरच्या अंगाला जमिनीला भेग पडली होती. त्यानंतर दोनदा माणसं आली, असंच तिकाटणं लावलं, बघितलं आणि गेली. वाडी उठवणार असं तेव्हापासून लोक बोलत होते. तिचा मुलगा मुंबईला, सून मुंबईला, ती एकटी घर धरून होती. अंधारात गाडी आली, लाल उजेड दिसला, तेव्हा तिने कोयता घेतला आणि बघायला आली. आली खरी, पण बोलायचा धीर झाला नाही. जाळीमागे बसून राहिली.

"मावशी, एक नीट आठवून सांगा. तुम्ही माझ्या पुढून गेलात का? बांधाच्या बाजूने?"

"नाय. मी हलले पन नाय. हलनार कशी? तो आला ना."

"कोण?"

"वाघरू." आमच्याकडे बिबट्याला असंच म्हणतात. "माझ्या गायचा पाडा नेलान त्याच आठवड्यात. खालनं आला. तुमी दार लावलंत, मंग बऱ्याच येळानं तो तुमच्या गाडीच्या मागनं गेला, असा, हळू. थोडा उभा राहिला, त्या तुमच्या उजेडाकडं बघितलान. मंग वहाळाकडं उतरला. मला वरडायचा व्हता. तोंडच उघडंना."

नवऱ्याने माझा दंड धरला. मला तिथे बसावंसं वाटत होतं, पण बसायला जागा नव्हती. गाडीच्या मागून काहीतरी गेल्याचं मला वाटलं होतं, आणि आठवडाभर मी स्वतःला समजावत होते की भास होता. भास असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे तो मागून गेला," मी म्हटलं. "पुढून नाही."

"पुढनं कोन जानार? पुढं कडा हाय."

मला कळलं नाही. ती आम्हाला घेऊन शेवटच्या बांधाकडे गेली. कुडाच्या फांद्या कोयत्याने बाजूला करून म्हणाली, "पाय नको टाकू, नुसती बघ."

बांधापलीकडे खाचर नव्हतं. काहीच नव्हतं. कमरेएवढं गवत संपत होतं आणि तिथून डोंगर सरळ तुटलेला होता, खाली झाडांची टोकं दिसत होती. गुरं पडू नयेत म्हणून तो कुड घातलेला होता. मी त्या संध्याकाळी कड्यापासून गाडीच्या लांबीएवढ्या अंतरावर तिकाटणं रोवलं होतं. मागून पावलं वाजली तेव्हा मी मागच्या दिशेला, गाडीकडे गेले. पुढे पळाले असते तरी ते तितकंच साहजिक झालं असतं.

नवरा तिथे उभा राहून मान हलवत राहिला.

सरांना मी सगळं लिहून पाठवलं. समोर कडा आहे, आणि बांधाअलीकडून माणूस किंवा जनावर गेलेलं मावशींना दिसलं नाही. पाखरू किंवा वटवाघूळ जाऊ शकतं. मी एवढंच म्हणू शकले. त्यांनी गटातल्या सगळ्यांना आपापली चित्रणं पुन्हा तपासायला सांगितली, मुख्य वेळेच्या पुढची-मागचीही.

बरेच दिवस काही आलं नाही. मी एकीकडे वाट बघत होते आणि एकीकडे काही येऊच नये असं वाटत होतं. आपलं चुकलं असेल तर चारचौघांत हसं होईल, एवढीच ती भीती नव्हती. ते चित्रण मला रोज बघावं लागत होतं, आणि दर वेळी त्या सरसरीपाशी आल्यावर मला कळत होतं की आता तो गाडीच्या मागे आहे.

मग एका संध्याकाळी सरांचा फोन आला. घाटापलीकडे, माणदेशातल्या एका गावात एक डॉक्टर निरीक्षक आहेत. माझ्यासारखेच पट्ट्याबाहेर, जवळजवळ माझ्याच रेषेत. त्यांच्या चित्रणातही तारा निमिषभर विझला होता. त्यांनी तो विरळ ढग समजून सोडून दिला होता. आता पुन्हा बघितलं तर त्यांच्या चौकटीत शेजारचा तारा होता, आणि तो जागचा हलला नव्हता, मंदही झाला नव्हता. दोन ठिकाणच्या वेळा सावलीच्या वेगाशी जुळत होत्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वटवाघूळ नव्हतं," सर म्हणाले. ते सहसा थट्टा करत नाहीत.

पक्कं व्हायला आणखी वेळ लागला. त्याच लघुग्रहाने पुढे परदेशात कुठेतरी दुसरा एक तारा झाकला, तिथेही ताऱ्याचं दुसरं, छोटं विझणं सापडलं. त्यानंतर एक अगदी लहान निवेदन निघालं. लघुग्रहाचा क्रमांक, चंद्राचा अंदाजे आकार, निरीक्षकांच्या यादीत आम्ही. तो चंद्र केवढा, तर आमच्या महाडातून चालत निघालं तर दोनेक गावं ओलांडेपर्यंत संपेल एवढा. त्याला अजून नाव नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी मला प्रार्थनेच्या वेळी बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. बिबट्याचं मी कुणाला सांगितलं नाही, पण नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं.

कुडपणच्या मावशींना सांगायला मी पावसाळ्याच्या तोंडावर गेले, भर दुपारी, काच वर करून. त्या घराला कुलूप लावत होत्या. भेग रुंद झाली होती. मुलाने बोलावून घेतलं होतं, पावसाचे महिने तरी मुंबईत ये म्हणून. कोंबड्या शेजारच्या वाडीत दिल्या होत्या. मी म्हटलं, चला, पोलादपूरपर्यंत सोडते.

जाण्याआधी त्यांनी मला ती भेग दाखवली. आंब्याच्या झाडाखालून सुरू होऊन ती कलत्या रानातून पार दिसेनाशी होईपर्यंत गेली होती. मी तिच्यात पाऊल ठेवून बघितलं असतं तर मावलं असतं. मी ठेवलं नाही. मी फोटो काढले आणि पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या कचेरीत नेऊन दिले. तिथे ते घेतले.

घाट उतरताना त्या पुढच्या सीटवर समोरची पट्टी एका हाताने धरून बसल्या होत्या. दुसऱ्या हाताने लिंबू नाकाशी धरलेलं. मी त्यांना जमेल तसं समजावून सांगितलं, की त्या दिवशी मी काय बघत होते आणि काय सापडलं. दगडाभोवती फिरणारा दगड.

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "तो पडंल काय आपल्यावर?"

"नाही मावशी. फार लांब आहे तो."

"नक्की?"

"नक्की."

बाजूने डोंगर जात होता, तांबडा, जागोजाग सुटलेला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"आनि ह्याचा काय?"

मी गिअर बदलला. पोलादपूरच्या स्टँडवर मुंबईची एसटी लागलेली होती. मी त्यांची बोचकी वर चढवून दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "अंधाराची नको येत जाऊ गो त्या बाजूला," आणि गाडी सुटली.

त्या पावसाळ्यात डोंगर थांबला. गणपतीच्या आधी त्या परत आल्या आणि मुलाकरवी फोनवर मला कळवलं, की घर हाय, भेग पण हाय, नि वाघरू परत आलाय.